मदत हवी आहे: आमची साइट नेमकी कोणाच्या सर्व्हरवर आहे?

आमच्या ट्रेकिंग गटाची एक जुनी वेबसाइट आहे. बनवून देणारे गृहस्थ हल्ली फोन उचलत नाहीत आणि होस्टिंग कुठल्या कंपनीकडून घेतलं, हे आम्ही कधी विचारलंच नाही. (हो, चूक आमचीच.) आता साइट मधूनच गायब होते आणि ५२२ एरर येते. त्या पानावर तीन चित्रं असतात: ब्राउझर ठीक, क्लाउडफ्लेअर (साइटच्या पुढे बसणारी मधली सेवा) ठीक, होस्टवर लाल फुली. होस्टच्या जागी नाव मात्र आमच्याच डोमेनचं! डोंबल उपयोग.

हूइजमध्ये (डोमेन किंवा सर्व्हरचा पत्ता कोणाकडे नोंदलाय ते दाखवणारी नोंद) पाहिलं, तिथे रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवणारी कंपनी, सापडला. ते म्हणतात, "डोमेन आमच्याकडे आहे, साइट नाही." नेमसर्व्हर (डोमेनचा पत्ता सांगणारे सर्व्हर) दोन्ही क्लाउडफ्लेअरचे. एनएसलुकअप (डोमेनचा आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, विचारणारी कमांड) केलं तर १०४.२१ आणि १७२.६७ ने सुरू होणारे आयपी आले, तेही त्यांचेच. मागचा खरा सर्व्हर कसा शोधायचा?

प्रतिसाद १
क्लाउडफ्लेअर इथे दारावरचा पहारेकरी आहे, घरमालक नव्हे. ५२२ म्हणजे पहारेकऱ्याने आत हाक मारली, आतून ओ आली नाही. डोमेनच्या नावाने ईमेल असेल तर एमएक्स रेकॉर्ड (डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरवर येते ती नोंद) बघा. स्वस्तातल्या होस्टिंगमध्ये मेल आणि साइट बहुतेकदा एकाच मशीनवर असतात, आणि मेल क्लाउडफ्लेअरच्या या प्रॉक्सीतून (मधल्या सर्व्हरमधून) जात नाही, त्यामुळे तिथे खरा आयपी उघडा पडतो. डोमेनच्या टीएक्सटी रेकॉर्डमध्ये (मजकुराच्या नोंदीत) एसपीएफची ओळ, म्हणजे डोमेनच्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ती यादी, असेल तर तीही वाचा.

धागाकर्ता
वा! एमएक्समध्ये आमच्याच डोमेनचं 'मेल' सबडोमेन आहे, आयपी अगदी वेगळा. त्या आयपीचं हूइज केलं तर एका डेटा सेंटर कंपनीचं नाव आलं. हीच का ती?

प्रतिसाद २
घाई नको, मेल दुसरीकडेही असू शकते. आधी खात्री करा. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, होस्ट्स फाइलमध्ये (कुठल्या नावाला कुठला आयपी, हे संगणक आधी इथे बघतो) एक ओळ घाला: तो आयपी, एक स्पेस, तुमचं डोमेन. (साइट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून उघडत असाल तर तेही नाव घाला.) मग ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. तुमचीच साइट दिसली तर सर्व्हर सापडला. ब्राउझरकडून सर्टिफिकेटची (साइटच्या सुरक्षा ओळखपत्राची) तक्रार आली तर दचकू नका, पण लॉगिन वगैरे करू नका. काम झालं की ओळ काढून टाका, नाहीतर पुढे साइट हलवल्यावर तुम्हाला एकट्यालाच जुनी दिसत राहील. (अनुभवाचे बोल.)

आणि डेटा सेंटर म्हणजे तुमचा विक्रेता असं नाही. मध्ये रीसेलर (दुसऱ्याचं होस्टिंग घेऊन पुढे विकणारा) असेल तर हूइजमध्ये त्याचं नाव येईलच असं नाही. ते पावतीवरच मिळेल. क्लाउडफ्लेअरचं लॉगिन कुणाकडे आहे का? असेल तर तिथल्या ए रेकॉर्डमध्ये (डोमेनच्या आयपीची नोंद) खरा आयपी सरळ लिहिलेला असतो, एवढा खटाटोपच नको.

धागाकर्ता
लॉगिन नाही. पण होस्ट्सची युक्ती चालली! सर्टिफिकेटची कुरकुर झाली, मागोमाग आमचंच मुखपृष्ठ. दोघांचेही आभार. खजिनदारांना जुन्या पावत्या उकरायला बसवलंय.