एला म्हणजे फक्त साँगबुक नव्हे

एकांनी म्हटलंय की अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड ऐकायची तर १९५६ च्या कोल पोर्टर साँगबुकपासून (गीतकार-संगीतकार कोल पोर्टरच्या गाण्यांचा तिचा अल्बम), आधीचं सगळं पोरकट. मला हे अजिबात पटत नाही. ते साँगबुक सुंदरच आहे, पण त्याआधीची वीसेक वर्षं सोडून कशी देणार?

१९३४ च्या नोव्हेंबरमध्ये १७ वर्षांची ही मुलगी न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांच्या रात्री नाचायला म्हणून गेली, आणि ऐन वेळी नाच सोडून गायली, आणि जिंकली! पुढच्या वर्षी ड्रमर चिक वेबच्या बँडमध्ये. हा बँड सॅव्हॉय बॉलरूममध्ये वाजवायचा, समोर लोक नाचतायत, म्हणजे गायिकेला लय सोडून चालायचंच नाही, आणि मला वाटतं तिच्या गळ्यातली ती पक्की लय तिथेच घडली. १९३८ चं 'अ-टिस्केट, अ-टास्केट' बडबडगीतावरचं आहे खरं, पण डोळे मिटून ऐका, शब्द किती अलगद ठेवते ती, कुठे ओढ नाही की घाई नाही, आणि मागे वेबचे ड्रम्स. मणक्याच्या टीबीने ग्रासलेला माणूस वाजवतोय हे आठवलं की मला दरवेळी भरून येतं.

वेब १९३९ मध्ये गेला. बँड मग एलाच्या नावाने १९४२ पर्यंत चालला. डेक्का कंपनीच्या या जुन्या तबकड्यांना जेमतेम तीन मिनिटं मिळायची, त्यात बँडचाही वाटा, तरी ती किती सांगून जाते बघा.