बोली एकदाच, पण आकडा नीट काढून

ईबेवरच्या लिलावात वापरलेले चामडी बूट घेताना 'शेवटच्या मिनिटात एकेक डॉलर चढवत जा' असं काही जण सुचवतात, ते उलटं पडतं. आधीच्या बोलीदाराची कमाल रक्कम लपलेली असते. तुम्ही डॉलर वाढवलात की त्याची बोली आपोआप पुढे सरकते, आणि प्रत्येक वेळी बोली पक्की करण्यात सेकंद वाया जातात. आपली कमाल रक्कम सहा-सात सेकंद उरले असताना एकदाच टाकावी. रक्कम गोल नको. दोघांचे ९० डॉलर असतील तर ज्याची बोली आधीची, त्याला बूट मिळतात, ९१.३७ टाकलेत तर २५ ते १०० डॉलरमध्ये बोली वाढण्याचा टप्पा एका डॉलरचा असल्याने ९१ लाच मिळतात. कमाल ठरवताना टपालखर्च आणि नव्या तळव्याचा खर्च आधीच वजा करा.

खरा फायदा मात्र चुकीच्या मापाने टाकलेल्या जोड्यांत आहे. क्रॉकेट अँड जोन्स या इंग्लिश कंपनीच्या बुटात अस्तरावर माप, रुंदी आणि कलबुताचा (ज्या साच्यावर बूट बेततात त्याचा) क्रमांक शाईने लिहिलेला असतो. त्यातलं ब्रिटिश ८ विक्रेता अमेरिकन ८ म्हणून टाकतो. प्रत्यक्षात तो जोडा अमेरिकन ९ च्या आसपासचा. ९ शोधणाऱ्यांना तो दिसतच नाही, म्हणून गर्दी कमी. रुंदीही तपासा: क्रॉकेटमध्ये ई नेहमीची, एफ रुंद, चर्चेस या दुसऱ्या इंग्लिश कंपनीत एफच नेहमीची. अस्तराचा फोटो मागवाच. सोबत बोटांजवळ चामड्याला पडणाऱ्या घडीचाही, कारण तिथलं चामडं तडकलं असेल तर तळवा बदलून काही उपयोग नाही.