मर्जला कॉन्फ्लिक्ट नाही, तरी ३२-बिट आर्मचा बिल्ड पडतो

टिळकवाडी_टर्मिनल:
लिनक्स कर्नलच्या मुख्य शाखेत आमची सेन्सर ड्रायव्हरची शाखा मर्ज केली, म्हणजे दोन्हींतले बदल एकत्र केले. गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) कुठे अडवलं नाही. एक्स८६ आणि ६४-बिट आर्म या प्रोसेसरांसाठी बिल्ड होतो. ३२-बिट आर्मला सगळ्या फाइली कंपाइल होतात, पण शेवटी मॉडपोस्ट (मॉड्यूलला लागणारी फंक्शनं कर्नलमध्ये आहेत का ते तपासणारा टप्पा) ‘एईएबीआय_यूएलडिवमॉड अनडिफाइन्ड’ म्हणून थांबतं. बायसेक्ट (कोणत्या कमिटने, म्हणजे नोंदवलेल्या बदलाने, बिघडलं ते शोधणारी गिटची सोय) मर्ज कमिटवरच बोट ठेवतं. टूलचेन, म्हणजे कंपायलर वगैरे साधनांचा संच, बदलायची का? आणि बेळगावच्या आमच्या गटात दोघांकडे मॅक आहे, त्यांना ताज्या क्लोनमध्येही गिट स्टेटस फाइली बदलल्यात म्हणून दाखवतं. ते कशामुळे?

निपाणी_नोड:
टूलचेनला हात लावू नका. कुठेतरी यू६४ ला (६४-बिट, चिन्हरहित पूर्णांक) साध्या भागाकाराच्या चिन्हाने भागलंय. ३२-बिट आर्मकडे तसली सूचनाच नाही, म्हणून जीसीसी कंपायलर त्याच्या लिबजीसीसी या लायब्ररीतलं फंक्शन मागतो. कर्नलमध्ये ते मुद्दाम ठेवलेलं नाही, असा महागडा भागाकार कुणाच्या नकळत होऊ नये म्हणून. ‘ते फंक्शन स्वतःच लिहून टाका’ असा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या.

बहुतेक मुख्य शाखेत स्ट्रक्चरमधलं एखादं फील्ड यू३२ चं यू६४ झालं, आणि तुमच्या शाखेत त्यालाच भागणारी नवी ओळ आली. फाइली वेगळ्या, मग गिटला कळणार कसं? मर्जचे दोन्ही पेरेंट, म्हणजे मर्जआधीची दोन्ही शाखांची टोकं, वेगवेगळे बिल्ड करून बघा की. दोन्ही पास झाले तर तुमची शाखा मुख्य शाखेवर रिबेस करून (तिचे कमिट एकेक करून वर रचून) परत बायसेक्ट लावा, नेमका कमिट हाती येईल.

ओळ शोधायला पूर्ण बिल्ड नको. ड्रायव्हरच्या ऑब्जेक्ट फाइलींवर क्रॉस टूलचेनचं एनएम (फाइलीतल्या फंक्शनांच्या नावांची यादी देणारं साधन) चालवून ‘एलडिवमॉड’ ग्रेप करा, म्हणजे शोधा. मग मॅथ६४ हेडरमधलं फंक्शन घ्या: भाजक ३२-बिट असेल तर डिव_यू६४, तोही ६४-बिट असेल तर डिव६४_यू६४.

खानापूर_कट्टा:
भागाकाराचा कर्नलमधला डू_डिव हा मॅक्रो दिसला म्हणून तो उचलू नका. तो भागाकार पहिल्या व्हेरिएबलमध्येच लिहितो आणि परत देतो बाकी. उत्तर म्हणून ती बाकी घेतली की बिल्ड पास होतो नि सेन्सरचे आकडे बिघडतात, जे पकडणं जास्त अवघड.

मॅकचा प्रश्न निराळा आहे. कर्नलच्या नेटफिल्टर या नेटवर्क-फिल्टरच्या भागात एक्सटी_टीसीपीएमएसएस नावाच्या दोन सी फाइली आहेत, एकीत टीसीपीएमएसएस मोठ्या लिपीत, दुसरीत लहान. मॅकची नेहमीची डिस्क हा फरक मानत नाही, एक फाइल दुसरीवर बसते. डिस्क युटिलिटीत केस-सेन्सिटिव्ह (लहान-मोठी अक्षरं वेगळी मानणारा) एपीएफएस व्हॉल्यूम करा नि तिथं नव्याने क्लोन करा. जुना क्लोन कॉपी करून चालणार नाही.

टिळकवाडी_टर्मिनल:
एनएमने ओळ दाखवली, फील्डच होतं. दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये घालू का?

निपाणी_नोड:
मर्ज अजून पुश केला नसेल तर अमेंड करून (शेवटचा कमिट बदलून) त्यातच घाला आणि मेसेजमध्ये कारण लिहा, म्हणजे पुढच्या बायसेक्टला मध्येच मोडका बिल्ड लागत नाही. पुश झाला असेल तर वेगळा कमिट.