हात-मनगटाची दुखणी: तुमचे अनुभव लिहा

रात्री दोन-तीनला उजवा हात बधिर होऊन जाग यायची, झटकला की बरं वाटायचं, मला वाटलं मान असेल, आई म्हणाली बी-ट्वेल्व घे. ऑर्थोने एकच विचारलं, करंगळीला मुंग्या येतात का? नाही म्हटल्यावर म्हणाले कार्पल टनेल दिसतंय, मनगटात जी नस दबते ती करंगळीला जातच नाही. एनसीव्हीत (नसांच्या तपासणीत) तेच निघालं, थायरॉइडही वाढलेला सापडला. आता रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट लावून झोपते. तुमचं काय?

———

माझं बाळ 4 महिन्यांचं. अंगठ्याच्या बाजूला मनगटात अशी कळ की कुकरचं झाकण उघडेना. सासूबाईंच्या मते ओल्या बाळंतिणीने गार पाण्यात हात घातल्यामुळे. डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरायला लावून मनगट करंगळीकडे वाकवलं, किंचाळलेच मी. डी क्वेरव्हेन, म्हणजे अंगठ्याकडच्या शिरांच्या (टेंडनच्या) आवरणाला आलेली सूज. आता बाळाला काखेत धरून न उचलता खालून तळव्यांवर घेते.

———

माझं ऐका. पावसात बाइक घसरली, पडताना हात टेकला, एक्स-रे नॉर्मल, मुरगळलंय म्हणून गावाकडे चोळून घेतलं, एकदा नाही तीनदा, आणि दुखणं काही जाईना. तीन महिन्यांनी एमआरआयमध्ये स्कॅफॉइड तुटलेलं निघालं आणि जुळलेलंही नव्हतं. मनगटातलं काजूएवढं हाड, त्याला रक्त उलट्या टोकाकडून येतं म्हणून जुळायला बऱ्याचदा उशीर. मग ऑपरेशन, स्क्रू, कमरेच्या हाडाचा तुकडा. पहिल्या एक्स-रेत ते कधीकधी दिसतच नाही, 10-14 दिवसांनी परत काढायचा असतो हे मला तेव्हा कुणी बोललं नाही. अंगठा ताणल्यावर मुळाशी खड्डा पडतो ना, तिथे दाबून दुखत असेल तर प्लीज थांबू नका.

———

गल्ली क्रिकेट, कॅच, मधल्या बोटाचं टोक लोंबायला लागलं. मॅलेट फिंगर. 6 आठवडे स्प्लिंट अजिबात काढायचा नाही म्हणाले होते, मी पाचव्या आठवड्यात आंघोळीला काढला, बोट वाकलं, परत पहिल्यापासून मोजणी. कॅचही सुटलाच होता.

———

बाबांची अनामिका सकाळी वाकलेलीच असायची, दुसऱ्या हाताने ओढली की टक्क. ट्रिगर फिंगर, शुगरवाल्यांना जास्त होतं म्हणे. स्टेरॉइडचं इंजेक्शन लागू पडलं पण पुढचे चार-पाच दिवस शुगर चढलेली, आधी माहीत असू द्या.

———

@स्कॅफॉइडवाले दादा, चोळायचे किती घेतले?

———

दर वेळी 200 आणि एक नारळ.