इंटरनेटचा सातबारा कोणाच्या नावावर?

रावेरकर: घड कापायला मजूर सांगण्याआधी मी मोबाईलवर बऱ्हाणपूरचा केळीचा भाव बघतो. माझ्यासारखे हजारो जण बघतात. वेबसाइटच्या ज्या नावा-पत्त्यांच्या यादीवर हे सगळं चालतं, ती १९९८ पासून कॅलिफोर्नियातली आयकॅन ही संस्था सांभाळते. अमेरिकी सरकारशी असलेला तिचा करार २०१६ च्या ऑक्टोबरात संपला, पण कायदा तिथलाच लागू आहे. ही यादी संयुक्त राष्ट्रांकडे द्या. भारतानेच २०११ मध्ये तिथे ५० देशांची समिती सुचवली होती.

धुळेकर: दादा, देशांकडे म्हणजे सरकारांकडे. २०१२ ला दुबईत दूरसंचार कराराला नवं रूप द्यायला सगळे जमले होते. त्यातून सरकारांचा हात इंटरनेटपर्यंत पोचेल, हीच अनेकांची भीती होती. चीन, रशियासह ८९ देशांनी सही केली. भारताने तेव्हा केली नाही आणि ते बरंच झालं. काश्मीरचं नेट २०१९ च्या ऑगस्टात बंद झालं, ते काय कॅलिफोर्नियातून? ४जी परत यायला २०२१ चा फेब्रुवारी उजाडला.

रावेरकर: बंदीसाठी आपल्या सरकारशी भांडूच, त्यासाठी आपलं कोर्ट आहे. पण इराणचं ‘.आयआर’, म्हणजे तिथल्या वेबसाइटच्या नावांचं शेपूट, जप्त करा म्हणून दावा लागला तो अमेरिकेतल्या कोर्टात. वादी हरले, हे खरं. तरी एका देशाच्या नावाचा फैसला दुसऱ्या देशाच्या न्यायाधीशाने का करावा? उद्या आपल्या ‘.इन’ची पाळी आली तर?

धुळेकर: २०२२ मध्ये युक्रेनने रशियाचं ‘.आरयू’ काढून टाका म्हटलं, तर आयकॅनने सरळ नकार दिला. हेच मतदानाला टाकलं असतं तर? ज्याच्या बाजूने देश जास्त, त्याचं खरं झालं असतं.

नंदुरबारची मास्तरीण: भाऊ, मला दोघांचंही अर्धंच पटतं. ‘.भारत’ २०१४ पासून मिळतं. देवनागरी नावांचे नियम आपल्याच भाषांच्या जाणकारांनी आयकॅनच्या गटात बसून बनवले, सरकारी शिक्का नसताना. म्हणून माझा कौल धुळ्याकडे. पण गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीचा अर्ज भरताना तिचा देवनागरी ईमेल टाकला, तर खाली लाल अक्षरात ‘चुकीचा पत्ता’. तीनदा टाकला, तीनदा तेच. शेवटी इंग्रजीत नवा काढून दिला. पोरगी गप्प बसून बघत होती.

रावेरकर: ताई, हे वाचून वाईट वाटलं. पण नियम करणाऱ्या त्या गटात आमच्या केळीपट्ट्यातलं कोणी होतं का? निदान देशांच्या सभेत आपलं एक मत तरी मोजलं जाईल.

धुळेकर: ते मत दिल्लीचं असेल, दादा. रावेरचं नाही.