कपॅसिटर लावलेल्या इंडक्शन जनरेटरचे व्होल्टेज ठरावीक आकड्यावर का थांबते?

प्रश्न

४ किलोवॉटची, ४१५ व्होल्टची, चार ध्रुवांची स्क्विरल केज मोटार छोट्या जलचक्राला जोडून जनरेटर म्हणून वापरायची आहे. रोटरमध्ये उरलेल्या चुंबकत्वामुळे स्टेटरमध्ये थोडे व्होल्टेज येते, त्याने कपॅसिटरमधून प्रवाह वाहतो आणि तो प्रवाह फ्लक्स (यंत्रातील चुंबकीय ओघ) वाढवतो, हे समजते. मग व्होल्टेज वाढतच का जात नाही? आणि सर्व जोडण्या योग्य असूनही कधीकधी सुरुवातच होत नाही, ती का?

उत्तर १

प्रत्येक व्होल्टेजला दोन प्रवाह शेजारी ठेवून पाहावेत: कपॅसिटर जो देऊ शकतो तो, आणि तेवढे व्होल्टेज टिकवण्यासाठी यंत्राच्या चुंबकनाला जो लागतो तो. पहिला व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढतो. दुसरा आरंभी कमी असतो, पण लोखंड संपृक्त होऊ लागले, म्हणजे त्याची आणखी चुंबकित होण्याची क्षमता संपत आली, की झपाट्याने चढतो. जोवर पुरवठा गरजेपेक्षा अधिक आहे तोवर व्होल्टेज वाढते आणि दोन्ही समान होतात तिथे ते स्थिरावते. म्हणजे संपृक्तता हा येथे दोष नसून तीच व्होल्टेजला आधार देते. तिच्याशिवाय स्थिर बिंदूच मिळाला नसता. कपॅसिटरने उत्तेजित होणाऱ्या या जनरेटरचे विवेचन बॅसेट आणि पॉटर या अभियंत्यांनी १९३५ सालीच केले होते.

उत्तर २

कपॅसिटरचा अंदाज मोटारीच्या विनाभार (लोड नसतानाच्या) प्रवाहावरून काढता येतो, कारण तो बहुतांशी चुंबकनाचाच असतो. तो ४ अँपिअर धरला, तर डेल्टा जोडणीत प्रत्येक फेजला सुमारे १८ मायक्रोफॅरड लागतात आणि स्टार जोडणीत त्याच्या तिप्पट. वेगाकडे मात्र दुर्लक्ष करू नये: वारंवारता घटली की कपॅसिटरचा रोध वाढतो आणि चुंबकनाचा रोध कमी होतो, त्यामुळे किमान लागणारी धारिता (कपॅसिटरची मायक्रोफॅरडमधील क्षमता) वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. वेग १० टक्क्यांनी कमी असेल, तर ती सुमारे २३ टक्क्यांनी अधिक लागते; तेवढी नसेल तर सुरुवातच होत नाही.

उत्तर ३

सुरुवात न होण्याचे आणखी एक कारण चुंबकनाचा प्रवाह आणि व्होल्टेज यांच्या आलेखाच्या पायथ्याशी असते. अगदी कमी फ्लक्सला लोखंड तितक्या सहज चुंबकित होत नाही, म्हणून उरलेले चुंबकत्व क्षीण असेल तर धारिता पुरेशी असूनही व्होल्टेज काही व्होल्टवरच अडकते. शॉर्टसर्किट किंवा अतिभाराने व्होल्टेज कोसळल्यावर हे बहुधा घडते. त्यावर उपाय म्हणजे यंत्र थांबवून, कपॅसिटर सोडवून, वाइंडिंगच्या दोन टोकांना १२ व्होल्टची बॅटरी काही सेकंद लावावी आणि ती काढल्यावरच यंत्र पुन्हा फिरवावे.

व्होल्टेज उभे राहीपर्यंत लोड जोडू नये. पुढे लोड वाढला की व्होल्टेज उतरते, आणि तो अचानक सुटला की जलचक्र वेग घेऊन व्होल्टेज धोकादायक पातळीपर्यंत चढवते. म्हणूनच नेपाळमधील लहान जलविद्युत योजनांत शिल्लक वीज हीटरमध्ये वळवून एकूण लोड कायम ठेवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसवतात. आपल्या जलचक्राला पाणी रोखणारी झडप आपोआप चालत नसेल, तर असा कंट्रोलर आरंभापासूनच आराखड्यात धरावा.