रस्त्यावरचं पिल्लू उचलून आणलंय, फॉस्टर करायचंय, सल्ला हवा

जुईची_वेल: काल रात्री पावसात डेपोच्या भिंतीलगत एक गावठी पिल्लू कुडकुडत बसलेलं, मादी आहे, दोन-अडीच महिन्यांची असेल, आई कुठे दिसली नाही म्हणून घरी आणलं. कानांच्या कडा खरखरीत झाल्यात, सारखी खाजवते, पोट टम्म. कोथरूडला फ्लॅट, घरी नवरा, सासूबाई आणि आमचा बीगल कुत्रा. कायमचं ठेवणं जमणार नाही पण घर मिळेपर्यंत सांभाळेन. अंघोळ घालू का, वास मारतोय खूप. सेक्रेटरींची कुरकुर सुरू झालीये ते वेगळंच.

गोचीड_संहारक: आज अंघोळ अजिबात नको, एवढंसं पिल्लू लगेच गार पडतं. कोमट ओल्या फडक्याने पूस, कोरडं कर, बास. मेन म्हणजे बीगलपासून निदान दोन आठवडे लांब ठेव, ड्राय बाल्कनी चालेल. पार्वो म्हणजे पिल्लांच्या जिवावर उठणारा व्हायरस, त्याची लक्षणं दिसायला आठवडासुद्धा लागतो, त्यामुळे आज उड्या मारतेय म्हणून निर्धास्त राहू नको. उलट्या, रक्ताचे जुलाब, खाणं बंद, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. आणि लोक बादल्याच्या बादल्या फिनेल ओततात, त्याने पार्वो मरत नाही. ब्लीच लागतं, एकाला तीस भाग पाणी.

निवांत_नाना: कानाच्या कडा म्हणजे बहुतेक खरूज. ती माणसालाही लागते, तेव्हा मांडीवर घेणं सध्या बंद, अंथरूण रोज गरम पाण्यात. शेजारपाजारचे जळकं ऑइल चोळायला सांगतील, ऐकू नकोस, चाटून पोटात जातं. पोट टम्म म्हणजे जंत, व्हेट वजन बघून औषध देतील, तीन महिन्यांची होईस्तोवर दर पंधरा दिवसांनी. मऊ भात नि उकडलेलं चिकन, मीठ-कांदा-लसूण काही नाही. दात किंवा नख लागून रक्त आलं तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धू आणि त्याच दिवशी रेबीजचं इंजेक्शन घे, पिल्लूच तर आहे म्हणून सोडू नकोस.

जुईची_वेल: सासूबाई सकाळपासून दूध-पोळी भरवतायत, आता त्यांना कोण सांगणार

गोचीड_संहारक: जुलाब लागले की पुसायला त्यांनाच बोलव

बी_विंग_वासी: सोसायटीला ठराव करून पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनाच आहेत तशा. पण कागद नाचवायच्या आधी सेक्रेटरींना गोडीत सांग, तात्पुरतं आहे, लिफ्टमधून उचलून नेईन, शी उचलेन. निम्मं भांडण तिथेच मिटतं. घर शोधायला आजपासूनच लाग, मादी पिल्लांना कोणी पटकन नेत नाही, आणि मोठी झाली की अजून अवघड. घेणाऱ्याचं घर स्वतः जाऊन बघ, नसबंदी करणार असं लिहून घे. फार्महाऊसवर राखणीला हवीये म्हणणाऱ्याला सरळ नाही. जन्मभर साखळीला राहते बिचारी.

जुईची_वेल: एक फार्महाऊसवाला आलाच की व्हॉट्सॲपवर! बरं, उद्या सकाळी व्हेट. लस लगेच देतील का, आणि लसीचं कार्ड कोणाच्या नावावर काढू?

निवांत_नाना: तब्येत बघून ठरवतील, आजारी असली तर थांबतील. पुढचा डोस तीन-चार आठवड्यांनी, रेबीजची ती तीन महिन्यांची झाल्यावर. कार्ड तुझ्याच नावावर काढ, देताना त्यांच्या हातात दे आणि त्याचा फोटो काढून ठेव.